भाच्याची गोष्ट क्लासच्या ऑफिसात कशी पोचली?

समुपदेशकाने ऐकलेलं पोटात ठेवावं, असं सांगणारा एक लेख वाचला, छान मांडलंय. पण समुपदेशकाचा पगारच कोचिंग क्लास देत असेल तर?

माझा भाचा दोन वर्षांपूर्वी नीटच्या तयारीसाठी गोंदियाहून नागपूरला आला, हॉस्टेलवर राहायचा. झोप लागेना, म्हणून क्लासच्याच काऊन्सेलर मॅडमकडे गेला. तिथे रडत सांगितलं की डॉक्टर व्हायचंच नाही. चार दिवसांत ते ऑफिसात पोचलं आणि पोराची बॅच बदलली! पोरगं त्यानंतर कोणाशीच धड बोललं नाही. आम्हालाही दिवाळीत कळलं.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 मधलं कलम 23 गोपनीयतेबद्दलच आहे. जिवाला धोका असेल तर गरजेपुरतं सांगता येतं, कोर्टाचा आदेश असेल तरी. अल्पवयीन मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवावंच लागतं. ‘अभ्यासात मन नाही’ हे यातल्या कशात बसतं हो?

बरं, मॅडमची पदवी कुठली, हे आम्हीही विचारलं नव्हतं. फी मात्र हप्त्यांसकट विचारली होती. पालकांनी पहिल्याच दिवशी विचारावं: मुलगा बोलेल ते कोणाकोणाला कळणार? आणि तेच समुपदेशकाला मुलालाही आधी सांगायला लावावं. तोवर 14416 हा टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा सरकारी नंबर पोरांच्या मोबाईलमध्ये असू द्या, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.