न झालेली सर्दी कुणाला दाखवणार?

हवा पालटली की तुम्ही तब्येतीला जपायला लागता, हे फार चांगलं आहे. फक्त एक पथ्य पाळा: जे काही जपाल ते चारचौघांना दिसलं पाहिजे. वेळेवर झोपलात, हात धुतलेत, खिडकी उघडी ठेवलीत आणि आजारी पडलाच नाहीत, तर सांगण्यासारखं काय उरलं? झालेल्या सर्दीची विचारपूस होते. न झालेली सर्दी कुणाला दाखवणार?

तेव्हा आधी बाटल्या आणि डबे आणून ओट्यावर रांगेत मांडा. वेष्टनावर ‘नैसर्गिक’ हा शब्द दिसला की पुढचं वाचायची गरज नाही. (सर्दीचा विषाणूही शंभर टक्के नैसर्गिक असतो, बिचाऱ्याला वेष्टन मिळालं नाही इतकंच.) ‘प्रतिकारशक्ती वाढवते’ असंही लिहिलं असेल तर दोन डबे घ्या. किती वाढवते, ती मोजायची कशी, असलं दुकानात विचारू नये, मागे रांग असते. खरं म्हणजे वाहणारं नाक, ताप, अंगदुखी ही बरीचशी त्या प्रतिकारशक्तीचीच करणी. म्हणजे ज्याला वैतागलात तेच तुम्ही पैसे देऊन आणखी मागताय. असो.

क जीवनसत्त्वाच्या गोळ्या तर हव्यातच. ते भरपूर घेतलं तर सर्दी टळते, असं लायनस पॉलिंग यांनी १९७० साली सांगून ठेवलंय, आणि पॉलिंग म्हणजे दोन नोबेल मिळवलेला माणूस. एक १९५४ सालचं रसायनशास्त्राचं, दुसरं १९६२ सालचं शांततेचं. सर्दीचं एकही नाही, पण एवढ्या मोठ्या माणसाला अडवणार कोण? पुढे बऱ्याच चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तर रोज गोळी घेणाऱ्या सर्वसाधारण माणसालाही सर्दी तितक्याच वेळा होते असं निघालं. फक्त मोठ्या माणसांत ती सुमारे ८ टक्के लवकर आटोपते. सात दिवसांच्या दुखण्यात जेमतेम अर्धा दिवस! तोही रोज नेमाने गोळी घेणाऱ्यांना. शिंका सुरू झाल्यावर डबा फोडला तर तेवढ्याचाही भरवसा नाही, आणि तुम्ही डबा फोडता तो नेमका तेव्हाच.

झोपेबद्दल मात्र मी तुम्हाला सावध करणार आहे. २०१५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १६४ धडधाकट माणसं रोज किती झोपतात ते आठवडाभर मनगटावरच्या यंत्राने मोजलं, मग सगळ्यांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब सोडले आणि कुणाला सर्दी धरते ते बघत बसले. सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपटीहून अधिक भरली. थेंब सगळ्यांना सारखेच, फरक उशीवरच्या तासांचा. आता असला उपाय काय कामाचा? त्याला झाकण नाही, चव नाही, ‘एकावर एक मोफत’ नाही. डोळे मिटून पडलेल्या माणसाचं कौतुक तरी कोण करणार? त्यापेक्षा रात्री एक वाजेपर्यंत फोनवर ‘प्रतिकारशक्ती वाढवण्याचे अकरा उपाय’ वाचा. पाचवा उपाय ‘पुरेशी झोप’ असेल, तो सोडून सहाव्यावर जा.

हात धुण्याच्या भानगडीतही पडू नका. हात धुवा म्हणणाऱ्याचं काय होतं ते आठवा. १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने सहकाऱ्यांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले. बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. पण आपल्या हातांना कुणी घाण म्हणावं हे अनेक सुशिक्षित डॉक्टरांना सोसलं नाही, आणि १८६५ साली सेमेलवाइस वेड्यांच्या इस्पितळात गेला तो तिथेच. एवढा इतिहास समोर असताना साबण लावून वीस सेकंद हात चोळायचे म्हणजे उगाच ओढवून घेणं. बोटांच्या टोकांना पाणी दाखवा, हात पँटला पुसा आणि लगेच नाक खाजवा. यात तुम्ही एकटे नाही. ऑस्ट्रेलियात वैद्यकीय विद्यार्थ्यांवर नजर ठेवली, तर ती पोरं तासाला सरासरी २३ वेळा स्वतःच्या चेहऱ्याला हात लावत होती. डॉक्टर होऊ घातलेल्यांची ही कथा, तर तुम्ही कुठे कमी पडायचं?

खिडक्या घट्ट लावा. थंडी आत येईल ना! आतल्या सात जणांचा श्वास मात्र घरचाच, तो एकमेकांनी प्रेमाने वाटून घ्यावा.

आणि सर्दी झालीच तर कामावर जा. घरी बसणं कामचुकारांचं लक्षण. फ्लू तर लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासूनच पसरू शकतो, म्हणजे थोडी वाटणी आधीच झालेली असते, राहिलेल्यांवर अन्याय का? तळहातावर खोका, त्याच हाताने हस्तांदोलन करा, आणि घोगऱ्या आवाजात म्हणा, “ताप आहे, पण म्हटलं काम अडायला नको.” हे वाक्य म्हणायला मिळावं म्हणून तर हा सगळा खटाटोप.

फ्लूची लस घेऊ नका, ती नैसर्गिक नाही. विषाणू रूप बदलत राहतो म्हणून दरवर्षी लसीचा फेरविचार होतो, ही तुम्हाला तिच्यातली खोट वाटते. दर वर्षी नवा फोन घेताना मात्र वाटत नाही.

तिसऱ्या दिवशी धीर सुटतो. मग मागच्या वर्षी अर्धवट राहिलेली अँटिबायोटिकची पट्टी कपाटातून काढा. ती जिवाणूंवर चालते, विषाणूवर नाही, हे पाठ असलं तरी दोन गोळ्या घ्या, बरं वाटलं की उरलेल्या पुढच्या हंगामासाठी ठेवा. पेनिसिलिन या अँटिबायोटिकचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली, नोबेल घेताना, अपुऱ्या मात्रेने जंतू निर्ढावतात असं बजावलं होतं. पण पेनिसिलिन बुरशीतून आलं ना? मग ते नैसर्गिकच झालं.

सगळ्यात मोलाचा सल्ला आता. साधी सर्दी आठवड्या-दहा दिवसांत आपली आपण ओसरते, म्हणून कुठलाही उपाय सहाव्या दिवशी करावा. त्या दिवशी मध चाटा, पायाला तेल लावा, पूर्वेकडे तोंड करून उभे राहा, गुण येणारच. पहिल्या पाच दिवसांचे उपाय फसवे ठरतात, सहाव्याचा रामबाण. मग तो ओळखीच्या सगळ्यांना कळवा. (दम लागला, ताप उतरून पुन्हा चढला, छातीत दुखलं, तरी आधी कळवाकळवी संपवा, डॉक्टर कुठे पळून जात नाहीत.)

बरे होऊन कामावर परताल तेव्हा कोपऱ्यातल्या टेबलावर ती बाई नेहमीसारखी बसलेली असेल. सगळी खोली खोकून गेली तरी हिला वर्षात एखादी शिंक. प्रकृतीच दणकट, नशीबवान आहे, असं तुम्ही इतके दिवस म्हणत आलात. आज मात्र शेजारी खुर्ची ओढून, आवाज खाली आणून विचारा, की ताई, खरं सांगा, तुम्ही घेता काय?

“काही नाही हो,” ती म्हणेल. “दहाला झोपते. आल्या आल्या हात धुते.”

सांगायचं नसेल तर तसं म्हणावं ना माणसाने.