नजर स्वच्छ, म्हणून डोळ्यांचा पडदा निरोगी?

"नजर स्वच्छ असेल आणि पाय दुखत नसतील, तर मधुमेहाने डोळ्यांना वा नसांना काहीही केलेले नाही, साखर नॉर्मल आली की झालेले नुकसान आपोआप भरून येते, डोळ्यांत बाहुली मोठी करणारे थेंब घालून केलेल्या तपासणीने मात्र नजर अधू होते," असा संदेश सध्या घरोघरी फिरतो आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2023 साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंडियाब’ या देशव्यापी मधुमेह-अभ्यासात मधुमेहाचे देशातील सर्वाधिक प्रमाण, 26.4 टक्के, आपल्या गोव्यातच आढळले होते, त्यामुळे या संदेशाकडे काणाडोळा करणे मला पटत नाही.

आधी नजरेविषयी. रक्तातील साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की डोळ्याच्या आतल्या, प्रतिमा टिपणाऱ्या पडद्यावरील केशवाहिन्यांना, म्हणजे अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांना, आधार देणाऱ्या पेशी मरतात, वाहिन्यांच्या भिंतींना बारीक फुगवटे येतात आणि त्यांतून रक्त व द्रव झिरपू लागतो. ही झिरपण पडद्याच्या मध्यभागी पोहोचेपर्यंत माणूस वर्तमानपत्रातील बारीक अक्षरेही सहज वाचत असतो. पुढे काही वाहिन्या बंद पडतात, प्राणवायू कमी पडलेल्या पडद्यावर नव्या वाहिन्या फुटतात, आणि त्या इतक्या ठिसूळ असतात की एखाद्या सकाळी त्यांतून रक्तस्राव होऊन डोळ्यांपुढे काळी जाळी पसरते. तक्रार इथे सुरू होते; आजार कित्येक वर्षे आधीच सुरू झालेला असतो.

पायांबाबतचा दावा तर अधिकच घातक आहे. म्हापशाच्या माझ्या मावशीच्या तळव्यात तिसऱ्यांच्या (खाण्याच्या शिंपल्यांच्या) कवचाचा तुकडा रुतला, तो तिला कळला फरशीवर उमटलेले लाल ठसे पाहून. मधुमेहात सहसा सर्वांत लांब मज्जातंतू, म्हणजे पायाच्या बोटांपर्यंत जाणाऱ्या नसा, आधी निकामी होतात. त्यामुळे तिला न दुखणे हेच तिच्या आजाराचे लक्षण होते.

साखर आटोक्यात ठेवण्याचे महत्त्व वादातीत आहे. 1993 साली जाहीर झालेल्या डीसीसीटी या साखरेच्या नियंत्रणावरील अभ्यासात, टाइप 1 मधुमेहाच्या ज्या रुग्णांचा पडदा सुरुवातीला निरोगी होता, त्यांच्यात काटेकोर नियंत्रणामुळे पडद्याच्या विकाराचा धोका 76 टक्क्यांनी घटला. पण बंद पडलेली वाहिनी साखर उतरल्याने पुन्हा उघडत नाही, आणि पडद्यावरील लेझर उपचाराचा मुख्य उपयोगही उरलेली नजर राखण्यापुरताच असतो. म्हणूनच टाइप 2 मधुमेहाचे निदान होताच पडदा तपासावा आणि पुढे साधारणपणे दरवर्षी तपासत राहावे, असे डॉक्टर सांगतात.

थेंबांनी नजर काही तास धूसर होते, एवढेच. त्या दिवशी स्कूटर घरी ठेवावी आणि कोणाला तरी सोबत न्यावे.