ऊन फुकट असेल, पाणी नाही

उन्हाळा लागला की एक फॉरवर्ड हमखास येतो. समुद्र अथांग, ऊन फुकट, इस्रायलने करून दाखवलं. सोलरवर समुद्राचं पाणी गोडं करा, मराठवाड्याचा दुष्काळ कायमचा संपेल.

आधी फुकट उन्हाचं बघू. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे ०.६३ युनिट (विजेच्या बिलातलं युनिट) उष्णता लागते. आपल्याकडे चौरस मीटरवर दिवसाला साधारण पाच युनिट ऊन पडतं आणि साध्या काचेच्या पेटीत (आत खारं पाणी, त्याची वाफ काचेवर थंड होऊन गोडं पाणी) त्यातलं निम्मंही कामी येत नाही. हातात पडतं तीन-चार लिटर, तेही काचेवर धूळ नसेल तर. चिलीच्या वाळवंटात लास सालिनासला १८७२ साली असा कारखाना उभा राहिला. साडेचार हजार चौरस मीटर काच, आणि उत्तम दिवशी बावीस-तेवीस हजार लिटर पाणी. आपल्याकडचे दोन मोठे टँकर! २०१६मध्ये मिरजेहून लातूरला जाणारी ५० वाघिणींची गाडी एका खेपेत २५ लाख लिटर न्यायची. तेवढं पाणी रोज हवं तर दीडशे एकर काच अंथरा.

मग पॅनल लावून आरओ, म्हणजे दाबाने पाणी बारीक पडद्यातून गाळणारं यंत्र, चालवू? हे जमतं. समुद्राचं हजार लिटर पाणी तीन-चार युनिटांत गोडं होतं. पण ते होणार किनाऱ्यावर. तिथून ते सह्याद्रीवर चढवायचं, म्हणजे सहाशे मीटर उचलायचं. त्यालाच हजार लिटरमागे दीड युनिटाहून जास्त, वर पंपाची तूट, शेकडो किलोमीटर पाइपातलं घर्षण. हा खर्च फॉरवर्डमध्ये कधीच नसतो.

इस्रायलचे मोठे प्रकल्प भूमध्य समुद्राला लागून आहेत, वीजही मुख्यतः नैसर्गिक वायूची. सोलरचा दाखला म्हणून ते चालत नाहीत.

गंमत म्हणजे हे तंत्र खरंच कामाचं आहे ते अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात. तिथल्या बोअरचं पाणी मचूळ असलं तरी त्यातलं मीठ समुद्राच्या मानाने किरकोळ, त्यामुळे वीज खूपच कमी लागते. पाणी गावातच, उचलायचं नाही. जळगावची जैन इरिगेशन आणि अमेरिकेतलं एमआयटी यांनी अशाच मचूळ पाण्यासाठी सोलरवरचं इलेक्ट्रोडायलिसिस (विजेने पाण्यातलं मीठ ओढून काढणारं) यंत्र केलं. २०१५मध्ये त्याला अमेरिकेत बक्षीसही मिळालं. अशा गावात उन्हाची अडचण नसते. अडतं ते मेंब्रेन (यंत्रातले मीठ वेगळं करणारे पडदे) बदलायचे पैसे ग्रामपंचायतीने कुठून आणायचे, आणि मागे उरलेलं दाट खारं पाणी कुणाच्या शिवारात सोडायचं, इथे.