मासे गळाने नाही, गुदमरून मरतात

इंदूरच्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतो आहे. तलावावर तरंगणाऱ्या मेलेल्या माशांचा फोटो आणि खाली मजकूर: हौशी गळवाले आमिषाला औषध लावतात, त्याने पाणी विषारी होतं, पोटात अंडी असलेले मासे ओढून ते पुढची पिढीही संपवतात, म्हणून गळ बंद करा आणि माशांना रोज खायला घालून पुण्य जोडा. मी गळ टाकतो, तेव्हा पहिले दोन आरोप माझ्यावरच आहेत. पण राग आला तो शेवटच्या सल्ल्याचा. तो पाळला तर आणखी मासे मरतील.

आधी विषाचं बघू. आमच्या गळाला कणकेचा गोळा असतो, नाहीतर गांडूळ. आणि फोटो जरा मोठा करून पाहा. मेलेत ते कटला आणि रोहू, त्यातही मोठे मोठे. तोंडं उघडी, कल्ले फाकलेले, ओठाला गळाची जखम कुठेच नाही. त्याच तलावात मरळ आणि मांगूर आहेत, त्यातला एकही फोटोत नाही. हे दोन्ही मासे पाण्यावर येऊन हवेतला श्वास घेऊ शकतात. विष असतं तर त्यांनाही सोडलं नसतं. इथे पाण्यातला ऑक्सिजन संपला होता.

तो संपतो कसा? तीस अंश तापलेल्या पाण्यात मुळात लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमच्या आसपासच ऑक्सिजन मावतो. सांडपाणी आणि सडकं अन्न यांच्यावर शेवाळ माजतं, पाणी हिरवंगार होतं. दिवसा हे शेवाळ ऑक्सिजन सोडतं, रात्री मात्र तेच तो ओढतं, आणि तळाशी कुजणारा गाळही ओढतो. पहाटे, सूर्य उगवायच्या आधी, साठा सर्वांत कमी असतो. एकदा त्या वेळी काठावर जाऊन बघा: कटले पृष्ठभागाला तोंडं लावून आ वासत असतात. लोकांना वाटतं, भुकेले आहेत. मग त्यांच्या तोंडासमोर शेव, पोहे, पाव पडतात. गुदमरणारा मासा खात नाही, ते सगळं तळाशी जाऊन कुजतं आणि उरलेला ऑक्सिजन खातं. सलग ढगाळ दिवस आले किंवा पहिल्या पावसाने नाल्यांची घाण आत आणली, की एका रात्रीत शेकडो मासे जातात. गळाला एका वेळी एकच मासा लागतो.

पुढच्या पिढीचं म्हणाल तर रोहू, कटला साचलेल्या पाण्यात विणतच नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. लहान तलावात बोटुकली, म्हणजे बोटभर लांबीची पिल्लं, आणून सोडावी लागते. मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते ती विणीसाठीच, आणि ती पाळलीच पाहिजे.

मेसेजवाल्यांनी एक खरा दोष मात्र सोडला. तुटलेला नायलॉनचा दोरा आमच्यातले काही जण काठावर तसाच टाकतात, त्यात बगळ्यांचे पाय अडकतात. त्यावर दंड लावा, मी पहिला सही करीन.

इंदूरचे सिरपूर आणि यशवंत सागर हे तलाव २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, गेले, त्यांच्याकडे जगाचं लक्ष आहे. वस्तीतल्या लहान तलावांकडे आपणच बघायचं. कारंज्याने पाण्यात हवा मिसळते, पण तिथे ते असलंच तर संध्याकाळी फिरायला येणाऱ्यांसाठी चालतं आणि रात्री बंद होतं. उन्हाळ्यात आणि ढगाळ दिवसांत ते मध्यरात्रीपासून सकाळपर्यंत चालवा, अशी मागणी करा. आणि शेव-पोहे घरीच खा.