बर्फ पांढरा असतो

आम्ही अमेरिकेत, डेन्व्हरला राहतो. शहर समुद्रसपाटीपासून १६०९ मीटरवर, आणि आपलं कळसूबाई १६४६. म्हणजे आमचं स्वयंपाकघर कळसूबाईच्या देवळापेक्षा जेमतेम चाळीस मीटर खाली. कुकरशिवाय तूरडाळ लावली तर ती शिजेपर्यंत भूक मरते. त्यामुळे गेल्या जानेवारीत एक मित्र म्हणाला, "चल, जरा वर जाऊन सूर्योदयाचे फोटो काढू," तेव्हा मला वाटलं, अजून किती वर जायचं माणसाने?

त्याचं "जरा वर" म्हणजे रॉकी माउंटन नॅशनल पार्कातला ड्रीम लेक. उंची तीन हजार मीटरच्या वर. गाडी बेअर लेकपर्यंत जाते, पुढे पावणेदोन किलोमीटर बर्फातून चालायचं. तळ्यामागे हॅलेट पीक उभा आहे आणि सूर्य उगवताना त्याचा माथा म्हणे गुलाबी होतो. सगळं ठरलं, आदल्या संध्याकाळी मी स्नोशूज भाड्याने आणले आणि रात्री दहाला मित्राचा मेसेज आला, "सर्दी झालीय रे." सोबत शिंकणाऱ्या चेहऱ्याचं चित्र. ज्याला खरी सर्दी असते तो चित्र शोधत बसत नाही.

मग बायको निघाली. पहाटे चारला. एस्टेस पार्क हे गाव येईपर्यंत ती झोपली होती आणि मी थर्मल, फ्लीस, फुगीर जॅकेट आणि त्यावर वाऱ्याचं जॅकेट अशा अवस्थेत स्टिअरिंगमागे भरलेल्या वांग्यासारखा बसलो होतो. हातांत पातळ आतले मोजे आणि त्यावर आईने विणलेले लालभडक लोकरी हातमोजे. हे तिने मे महिन्यात, सांगलीत, पंख्याखाली बसून विणले होते. "तिकडे थंडी असते ना," एवढंच तिला पुरेसं होतं.

बेअर लेकच्या पार्किंगमध्ये शून्याखाली पंधरा. श्वास घेतला की नाकातले केस कडक होतात आणि सोडला की मऊ होतात. हा खेळ मला पहिली पाच मिनिटं फार आवडला. मग स्नोशूज चढवायला घेतले. पायांना दोन टेनिसच्या रॅकेटी बांधल्यासारखं ते प्रकरण असतं, आणि मऊ, खोल बर्फात माणूस रुतू नये म्हणून असतं. इथे मात्र रोज शेकडो पाय पडून वाट सिमेंटसारखी घट्ट झालेली. लोक बुटांना नुसती खिळ्यांची साखळी अडकवून चालत होते. पाठीवर तान्हं मूल घेतलेली एक बाई मला ओलांडून गेली. बायकोही खिळ्यांवर. मी एकटा बदकासारखा फटाक फटाक करत, स्वतःच्याच डाव्या रॅकेटीवर उजवी ठेवत. "नऊवारीत चालल्यासारखा चालतोयस," बायको म्हणाली. तिने नऊवारी आयुष्यात एकदाच नेसली आहे, आमच्या लग्नात.

निम्फ लेक मागे पडलं, शेवटचा चढ आला आणि ड्रीम लेकने तोंडावर वारा फेकला. फेकला म्हणजे फेकलाच. तिथला वारा डोंगरातल्या घळीतून पश्चिमेकडून येतो आणि आपण फोटोसाठी तोंड करतो तेही पश्चिमेलाच. कोलोरॅडोचा बर्फ कोरडा, पिठीसाखरेसारखा. त्याचा गोळा वळत नाही, पण तो उडतो मात्र झकास आणि कॉलरमधून नेमका पाठीच्या कण्यापर्यंत पोचतो.

तळं गोठून काच झालेलं. वाऱ्याने वरचा बर्फ झाडून नेलेला आणि खाली निळसर बर्फात पांढऱ्या भेगा. लोक तळ्यावरून निवांत चालत होते, म्हणून मीही मध्यापर्यंत गेलो. भेगांचा जवळून फोटो घ्यायचा होता. पण कॅमेऱ्याची बटणं तांदळाच्या दाण्याएवढी, आणि आईच्या हातमोज्यात माझं बोट केळ्याएवढं. उजवा मोजा दातांनी ओढून काढला. "थांब, माझ्याकडे दे," हे बायकोचं वाक्य आणि मोजा निसटणं एकाच क्षणी झालं. तो लाल मोजा बर्फावरून आम्ही आलो त्या काठाकडे असा घसरत गेला, जणू त्याला घरी जायची घाई होती. मी पायांतल्या रॅकेटींसह धावलो. तिसऱ्या पावलाला आडवा. उठून बघतो तर मोजा गडप.

मी काठावरच्या वाकड्यातिकड्या पाइनांखाली शोधायला लागलो, तर बायको ओरडली, "अरे, वर बघ!" हॅलेट पीकच्या माथ्यावर गुलाबी रेघ आली होती. आता मोजा की डोंगर? मी त्याच काठावर ट्रायपॉड रोवला, समोर एक पिळवटलेला पाइन, मागे तळं, त्यामागे डोंगर. कॅमेरा सुरू केला. घरून निघताना पूर्ण भरलेली बॅटरी बारा टक्के दाखवत होती. थंडीत बॅटरीचं असंच होतं. दुसरी मी पोटाशी धरून आणली होती, ती काढायला चार पदर उघडावे लागले आणि त्या चार पदरांतून सगळं रॉकी माउंटन आत आलं. डोळा लावला तर श्वासाने व्ह्यूफाइंडरवर बर्फ. चष्मा आधीच आंधळा झालेला.

शिवाय मित्राने बजावलं होतं: कॅमेऱ्याला वाटतं जग मध्यम करडं असतं. पांढरंशुभ्र काही दिसलं की हे जास्तच उजळ आहे असं समजून तो ते दाबून टाकतो. म्हणून बर्फात एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात शिरणारा प्रकाश, दीड स्टॉप वाढवायचं. स्टॉप हे त्या प्रकाशाचं माप. नामवंत अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांनी १९४० च्या दशकात सरकारसाठी या पार्काचे कृष्णधवल फोटो काढले, त्यांत बर्फ करडा होत नाही. मीही कॅमेऱ्यावरची एक्स्पोजरची चकती फिरवली. बधिर बोटांनी. दीड स्टॉप उलटीकडे.

थर्मासमधला चहा कोमट झाला होता. तो पिऊन आम्ही मोजा न शोधताच उतरलो. बोटांत परत रक्त यायला लागतं तेव्हा होणाऱ्या वेदनेला मराठीत शब्द नाही. मी गाडीत काही शब्द वापरून पाहिले, पण ते इथे छापता येणार नाहीत.

घरी आल्यावर नवा नियम. गार कॅमेरा उबदार घरात उघडा ठेवला की त्याला घाम फुटतो, आत पाणी जमतं. म्हणून तो गाडीतच प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून आणला आणि डायनिंग टेबलावर ठेवला. तीन तास हात लावायचा नाही. मुलगी दर पंधरा मिनिटांनी येऊन बघायची. "विरजण लावलंय," बायकोने तिला सांगितलं.

रात्री आईचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे सकाळ, तिचा दुसरा चहा. मी सगळ्यात बरा फोटो पाठवला. तिने तो बराच वेळ पाहिला.

"एवढी राख कसली रे?"

"बर्फ आहे, आई."

"बर्फ पांढरा असतो."

मी कॅमेऱ्याच्या वतीने बाजू मांडायला लागलो. मध्यम करडं, स्टॉप, चकती. ती ऐकत नव्हती. फोन डोळ्यांपाशी नेऊन ती दोन बोटांनी फोटो मोठा करत होती. खाली उजव्या कोपऱ्यात एक लाल ठिपका होता, तो मीही संध्याकाळी पाहिला होता. सेन्सरमधला दोष समजून तो पुसून टाकायचं सॉफ्टवेअर मी उघडूनही ठेवलं होतं.

"हा बघ, झाडाच्या मुळात अडकलाय," आई म्हणाली. "अंगठ्याला माझा एक टाका सुटला होता, तो दिसतोय. तुझ्या पुढ्यातच तर आहे रे, चार हातांवर. उद्या रविवार ना तुमचा? जाऊन घेऊन ये."