कोयत्यासाठी डाय कोण बनवणार?

तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: हाताने ठोकलेलं पोलाद जास्त दणकट असतं हा भ्रम आहे, कारखान्यातला प्रेस, म्हणजे दाबयंत्र, काही सेकंदांत जे करतो त्यासाठी लोहार दिवसभर घाम गाळतो, मग हे मागासलेलं काम करणाऱ्या गावोगावच्या भट्ट्या विझल्या तर बिघडलं काय?

पहिला मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. 1961 साली स्थापन झालेल्या पुण्याच्या भारत फोर्जसारख्या कारखान्यात ट्रकचा क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनातला फिरणारा मुख्य दांडा, घडतो, तो घणाने घडणं शक्यच नाही. साधारण 1200 अंशांवर तापवलेला पोलादाचा ठोकळा दोन डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यांमध्ये, दाबायचा, कडेने बाहेर आलेली फ्लॅश, म्हणजे जादा धातू, छाटायची, मग कडकपणा मोजायचा आणि चुंबकीय तपासणीने भेगा शोधायच्या. शेकडो नगांनंतरचा नगही पहिल्यासारखाच निघतो. इंजिनाला हेच हवं.

पण या सगळ्याच्या मुळाशी डाय आहे, आणि तुमच्या हिशेबात नेमकी तीच नाही. मोठ्या डायचा खर्च लाखांत जातो. हजारो सारखे नग निघाले तरच तो वसूल होतो. ऊसतोडीचा कोयता वेगळा, कोकणात नारळ सोलायचा वेगळा. कुणाला पातं रुंद लागतं, कुणाला मूठ लांब. शिवाय झिजलेली पहार पाजवून आणायची असते, मोडलेल्या कुदळीला तुकडा जोडायचा असतो. प्रेसला हे काम सांगणार कोण?

आता कामाकडे जरा जवळून बघा. बरेच कोयते ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून होतात. पातं घडलं की लोहार ते लालभडक करून फक्त धारेची कड पाण्यात किंवा तेलात बुडवतो. पाठीत उष्णता उरलेली असते. तो पटकन दगडाने कड घासून उजळवतो आणि बघत राहतो: उरलेली उष्णता धारेकडे सरकते तसा उजळ पट्ट्यावर आधी गवती पिवळा रंग चढतो, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. झटका सोसणाऱ्या हत्याराला जांभळ्या-निळ्यावर थांबवायचं आणि अख्खं पातं बुडवायचं. क्षणभर उशीर झाला तर धार मऊ पडते. धार कडक आणि पाठ चिवट राहिली की कोयता गाठीवर आपटूनही मोडत नाही.

क्रँकशाफ्टच्या बेअरिंगच्या जागा इंडक्शनने, म्हणजे विजेच्या चुंबकीय क्षेत्राने तापवून, वरवर कडक करतात आणि गाभा चिवट ठेवतात, त्यामागेही हाच विचार आहे. कारखान्यात ते सेन्सर आणि टायमर सांभाळतात, भट्टीवर एक माणूस डोळ्यांनी सांभाळतो. म्हणूनच ‘मागासलेलं काम’ हे तुमचे शब्द मला खटकले.

लोहाराची खरी अडचण वेगळीच आहे, तिच्यावर तुम्ही बोट ठेवलं असतं तर मी लगेच मान डोलावली असती. भंगारातून आलेल्या पोलादात कार्बन किती, हे त्याला कुणी सांगत नाही. जाणता लोहार आधी एक छोटा तुकडा तापवून पाण्यात घालतो, मोडतो आणि मोडलेल्या तोंडाचा दाणा पाहतो. बारीक, राखाडी दाणा दिसला तरच पुढे जातो. ज्याला तेवढी सवड नाही, त्याचा कोयता फडात तडकतो आणि नाव मात्र सगळ्या भट्ट्यांचं खराब होतं. त्याला खात्रीचं पोलाद वाजवी भावात मिळावं आणि घण मारायला एखादा छोटा पॉवर हॅमर, म्हणजे यंत्राने चालणारा घण, असावा, एवढंच माझं मागणं आहे.