डीव्हीडीची ‘एचडी’ होत नाही, पण कंगवा काढता येतो

व्हॉट्सॲपवर एक नुस्खा फिरतोय: ‘जुनी डीव्हीडी कॉम्प्युटरवर पुसट दिसते? १०८०पी एमपीफोर करून घ्या, मॉनिटरचं रिझोल्यूशन ८०० बाय ६०० वर आणा, शार्पनेस १०० करा, भारीतली एचडीएमआय केबल लावा. झाली एचडी!’ यातले तीन उपाय चित्र बिघडवतात, चौथा नुसता खिसा हलका करतो.

आधी कन्व्हर्शन. पाल (भारत-युरोपातली टीव्ही पद्धत) डीव्हीडीची फ्रेम, म्हणजे एक चित्र, ७२० बाय ५७६, म्हणजे ४,१४,७२० पिक्सेल. फुल एचडी (१०८०पी) मॉनिटरवर २०,७३,६००, बरोब्बर पाचपट. उरलेले पिक्सेल शेजारच्यांवरून अंदाजानं भरायचे, आणि ते काम प्लेअर सिनेमा चालू असताना करतोच. कन्व्हर्टर वेगळं काही करत नाही. वर डीव्हीडीसाठी एमपेग-२ या पद्धतीनं आधीच दाबलेलं (कॉम्प्रेस केलेलं) चित्र पुन्हा दाबतो. अंधाऱ्या दृश्यांतले चौकोनी ठिपके त्यामुळे वाढतात.

खरं दुखणं या नुस्ख्यात आलेलंच नाही. आडवी धावणारी बस पॉज करून बघा. खिडक्यांच्या उभ्या कडांना कंगव्यासारखे दाते दिसले, तर चित्र इंटरलेस्ड आहे. विषम ओळी एका क्षणीच्या, सम ओळी १/५० सेकंदानंतरच्या. तेवढ्यात बस पुढे सरकलेली. जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही या ओळी आळीपाळीनं काढायचा. मॉनिटर दोन्ही एकदम दाखवतो. दाते न काढता १०८०पी केलंत तर वरखालच्या ओळी एकमेकींत मिसळतात, मग ते नीट काढता येत नाहीत. म्हणून मूळ डिस्क जपा.

विंडोजवर व्हीएलसी या प्लेअरमध्ये टूल्स, प्रेफरन्सेस, व्हिडिओ इथे डीइंटरलेस (दाते काढण्याची सोय) ‘ऑटोमॅटिक’ ठेवा आणि मोड ‘याडिफ’ निवडा. तरीही दाते राहिले तर ‘ऑन’ करा. चालू सिनेमात ‘डी’ की दाबूनही फरक दिसतो. नाटक किंवा क्रिकेटचं व्हिडिओ कॅमेऱ्यावरचं चित्रण असेल तर ‘याडिफ (२एक्स)’ घ्या, हालचाल जास्त सलग दिसते. एनटीएससी (अमेरिका-जपानमधली टीव्ही पद्धत) डिस्कवरच्या सिनेमात दर पाच फ्रेमपैकी तीन स्वच्छ आणि दोन दातेरी दिसत असतील, तर मोड ‘फिल्म एनटीएससी’.

रिझोल्यूशन खाली आणणं म्हणजे चित्र दोनदा ताणणं: आधी प्लेअर ८०० बाय ६०० करणार, मग मॉनिटर ते पडदाभर पसरणार. तेव्हा मॉनिटर त्याच्या मूळ रिझोल्यूशनवरच ठेवा. माणसं लांबुडकी दिसत असतील तर दोष रिझोल्यूशनचा नाही, आस्पेक्ट रेशोचा, म्हणजे रुंदी-उंचीच्या प्रमाणाचा आहे. रुंद पडद्याचा सिनेमा डिस्कवर ७२० मध्ये आक्रसून ठेवलेला असतो, दाखवताना तो १०२४ बाय ५७६ व्हायला हवा. ‘ए’ की दाबत १६:९ वर या.

शार्पनेस पूर्ण वाढवलात की चेहऱ्याभोवती पांढरी कड उमटते आणि अक्षरांभोवती कॉम्प्रेशनचे किडे वळवळू लागतात. मॉनिटरच्या मूळ सेटिंगवर परत जा. केबलबद्दल एवढंच: सिग्नल डिजिटल आहे. चित्र न तुटता येत असेल तर महाग केबल त्यात भर घालत नाही.

काळा रंग राखाडी दिसत असेल तर ब्राइटनेसला हात लावू नका. डीव्हीडीत काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर असतो. मॉनिटरवर काळा ० आणि पांढरा २५५. ही पट्टी १६–२३५ वरून ०–२५५ मध्ये पसरली नाही की चित्र धुरकट दिसतं. एनव्हिडिया कार्ड असेल तर कंट्रोल पॅनेलमधल्या व्हिडिओ कलर सेटिंग्जमध्ये डायनॅमिक रेंज ‘फुल’ करा.

कॅमेरा सावकाश फिरताना चित्र अडखळतं, त्याला कारण मॉनिटरचे ६० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र काढणं. पालच्या सेकंदाला २५ फ्रेम त्यात समान बसत नाहीत. काही दोनदा दिसतात, काही तीनदा. मॉनिटर ५० किंवा ७५ हर्ट्झ घेत असेल तर सिनेमापुरतं तेवढं बदला.